तात्पुरती दुरुस्ती

पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर, पारनेर तालुक्यात, सुपा गाव आहे. इकडे पाऊस कमी. विहिरीचं पाणी जपून वापरावं लागतं.

सुप्याजवळ एका वस्तीवर तात्या राहतात. एका संध्याकाळी त्यांच्या पाइपाचा सांधा गळू लागला. कांद्याला पाणी चालू होतं. वीज थोडाच वेळ राहणार होती. मिस्त्री सकाळशिवाय येणार नव्हता. तात्यांनी सायकलची जुनी ट्यूब घेतली. तिची लांब पट्टी कापली. ती ताणून ताणून सांध्याभोवती गुंडाळली. वरून तार आवळली. गळती थांबली.

"आजच्यापुरतं भागलं," तात्या म्हणाले. "उद्या नवीन सांधा बसवू."

तो उद्या अजून उजाडलेला नाही. तीन पावसाळे झाले. ट्यूब तिथेच आहे!

ती का टिकली? ताणलेलं रबर आत ओढ घेतं. वरचा वेढा खालच्या वेढ्याला दाबतो. शिवाय तात्यांनी सांध्यावर माती ओढली होती. त्यामुळे रबराला ऊन लागलं नाही. उन्हात रबर कडक होतं, मग चिरतं. तुमच्या घरीही असं काही असेल. दोरीनं बांधलेला खाटेचा पाय, नाहीतर पत्र्याच्या भोकावर डांबरात बुडवून लावलेलं गोणपाट. आठवून पाहा.

तात्यांची आणखी एक दुरुस्ती टिकली होती. मोटारीचा फ्यूज सारखा जायचा. पिकाला पाणी द्यायचं की फ्यूज बांधत बसायचं? तात्यांनी वैतागून तिथे तांब्याची जाड तार घातली. त्यानंतर फ्यूज एकदाही गेला नाही.

दिवाळीला भाचा आला. तो वायरमनचं काम करतो. त्यानं पेटी उघडली आणि तो दचकलाच.

"मामा, ही तार कुणी घातली?"

"मीच. वरीस झालं. काय बी झालं नाही."

"अहो, फ्यूजची तार मुद्दाम बारीक ठेवतात. वीज जास्त ओढली गेली की ती वितळते. वीज तुटते, मोटार वाचते. ही जाड तार वितळणार नाही. मग मोटार जळेल, नाहीतर पेटीच पेट घेईल. फ्यूज जात होता, म्हणजे मोटार काहीतरी सांगत होती. तुम्ही तिचं तोंड बांधलंत."

तात्पुरती दुरुस्ती वाईट असते असं नाही. १९६१ साली पुण्याजवळ पानशेतचं मातीचं धरण खचू लागलं. जवानांनी रात्रभर त्यावर वाळूची पोती रचली. धरण वाचलं नाही. ते १२ जुलैला सकाळी फुटलं. पुण्यात पाणी दिवसाउजेडी आलं, म्हणून पुष्कळांना पळता आलं. रात्री झोपेत पाणी आलं असतं तर? पोत्यांनी काही तास मिळवून दिले.

तात्यांना तर वर्ष मिळालं होतं. त्या वर्षात त्यांनी मोटार उघडून पाहिली नाही.

भाच्यानं मेन स्विच बंद केला. वीज नाही याची खात्री केली. मग मोटार खोलली. आतलं बेअरिंग झिजलं होतं. त्यामुळे मोटार जड फिरत होती आणि वीज जास्त ओढत होती. नवीन बेअरिंग आणलं. जाड तार काढून नेमक्या मापाची फ्यूजची तार घातली.

"मग ती ट्यूबही काढू का?" तात्यांनी विचारलं.

"गळतीय का?"

"नाही."

"मग राहू द्या. गळली तर पाणी दिसेल. तेव्हा बदला."

तात्यांनी सांध्यावरची माती पुन्हा सारखी केली. स्विच टाकला. पाणी कांद्याकडे निघालं.