एंजिनाचा श्वास आणि नायट्रस ऑक्साइड

बेंगळुरू शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर वसलेले आहे. तेथील सुखद हवेची ख्याती आपण ऐकून असतो. परंतु ही हवा मुंबईच्या हवेपेक्षा विरळ आहे, ही गोष्ट मोटारगाडीच्या एंजिनासच काय ती जाणवते. समुद्रकाठी वातावरणाचा दाब सुमारे १,०१३ मिलिबार असतो, बेंगळुरूस तो ९१० मिलिबारांच्या आसपास राहतो. २५ अंश सेल्सिअस तपमानाची एक लिटर हवा मुंबईस तोलली तर सुमारे १.१८ ग्रॅम भरेल. बेंगळुरूस ती १.०६ ग्रॅमच भरेल. म्हणजे कोल्हापूर, बेळगाव, हुबळी या मार्गाने एखादी गाडी बेंगळुरूस पोचेपर्यंत तिच्या एंजिनाने आपले सुमारे एक दशांश बळ वाटेत गमावलेले असते. चालकाच्या ते सहसा ध्यानात येत नाही, कारण नित्याच्या वापरात एंजिनाचे पुरे बळ क्वचितच लागते. ॲक्सिलरेटर थोडा अधिक दाबला की काम भागते.

बळ घटण्याचे कारण पेट्रोलमध्ये नसून प्राणवायूत आहे. एक ग्रॅम पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते, आणि त्या हवेत वजनाने जेमतेम २३ टक्के प्राणवायू असतो. सिलिंडरात पेट्रोल कितीही ओतता येईल. परंतु त्यास प्राणवायू मिळाला नाही तर ते काळ्या धुराच्या रूपाने बाहेर पडेल. तेव्हा एंजिनाचे बळ वाढवावयाचे म्हणजे त्यास अधिक प्राणवायू पुरवावयाचा. त्यासाठी सिलिंडर मोठा करावा, एंजिन अधिक वेगाने फिरवावे, किंवा पंख्याने हवा दाबून भरावी. चौथा मार्ग असा की, प्राणवायू बाटलीत भरून गाडीबरोबरच न्यावा. शुद्ध प्राणवायू यासाठी चालत नाही. त्याच्या सान्निध्यात ज्वलन इतके उग्र होते की एंजिनातील धातूही त्यातून सुटत नाही. म्हणून प्राणवायू एखाद्या संयुगात बांधलेला असावा व योग्य जागीच मोकळा व्हावा, असे काही शोधणे प्राप्त झाले. नायट्रस ऑक्साइड हे ते संयुग होय.

जोसेफ प्रीस्टली यांनी १७७२ मध्ये हा वायू प्रथम तयार केला. पुढे हम्फ्री डेव्ही यांनी तो स्वतः हुंगून पाहिला, आणि त्याच्या परिणामामुळे त्यास ‘हास्यवायू’ हे नाव मिळाले. दातांच्या वैद्यांनी तो गुंगी आणण्यासाठी वापरला. आपल्या विषयात हसण्याचा भाग थोडाच आहे, म्हणून ते नाव येथे बाजूस ठेवू. नायट्रस ऑक्साइडच्या रेणूत नत्रवायूचे दोन अणू व प्राणवायूचा एक अणू असतो. त्याच्या वजनापैकी ३६ टक्के प्राणवायूचे असते. तो स्वतः जळत नाही. चित्रपट पाहून अनेकांची अशी समजूत झालेली असते की, हे एखादे जहाल इंधन आहे. ती सर्वस्वी चुकीची आहे. सिलिंडरातील संपीडन व ज्योत यांच्या उष्णतेने, सुमारे ५७० अंशांच्या वर, त्याचा रेणू फुटतो, प्राणवायू सुटा होतो आणि फुटताना थोडी उष्णताही बाहेर पडते. सोबत निघणारा नत्रवायू ज्वलनात भाग घेत नाही. तो ज्वलनाचा वेग आवरून धरतो.

आणखी एक गुण सांगितला पाहिजे. बाटलीत हा वायू स्वतःच्याच दाबाखाली द्रवरूपात राहतो. बाहेर पडताच तो उणे ८८ अंशांस उकळतो व त्यासाठी लागणारी उष्णता भोवतालच्या हवेतून घेतो. त्यामुळे आत जाणारी हवा गार आणि घट्ट होते. वायू स्वतः थोडी जागा अडवतो, त्याची बरीच भरपाई या गारव्याने होते.

या युक्तीचा जन्म मोटारीसाठी झाला नाही. दुसऱ्या महायुद्धात विमाने आठ-दहा किलोमीटर उंचीवर लढू लागली, तेव्हा त्यांची एंजिने धापा टाकू लागली. जर्मन वायुदलाने ‘जी. एम. १’ या नावाने नायट्रस ऑक्साइडची योजना काही लढाऊ विमानांत बसविली. ब्रिटिशांनी युद्धाच्या उत्तरार्धात काही मॉस्किटो विमानांत ती वापरली. उंचीने हिरावलेला प्राणवायू काही मिनिटांपुरता परत मिळवावयाचा, एवढाच तिचा हेतू होता.

एंजिनाच्या श्वासाचा हा प्रश्न बेंगळुरूस नवा नाही. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांना भारतात मोटारींचा कारखाना काढावयाचा होता, आणि म्हैसूर संस्थानात तो व्हावा म्हणून सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३० नंतरच्या दशकात पुष्कळ खटपट केली. तत्कालीन हिंदुस्थान सरकारने साथ दिली नाही. मोटारींऐवजी डिसेंबर १९४० मध्ये बेंगळुरूस विमानांचा कारखाना निघाला आणि १९४३ मध्ये तो अमेरिकन वायुसेनेच्या दुरुस्तीच्या कामी देण्यात आला. तेथे दुरुस्त होणाऱ्या विमानांच्या एंजिनांत विरळ हवा दाबून भरणारे पंखे असत. पुढे कानपूरला जुळणी झालेल्या ॲव्रो ७४८ विमानांच्या डार्ट एंजिनांत, उष्ण व उंच ठिकाणांहून उड्डाण करताना पाणी व मेथनॉल यांचे मिश्रण सोडण्याची सोय होती. उपाय निरनिराळे, परंतु व्याधी एकच.

आता थोडे गणित करू. १,२०० घनसेंटिमीटरचे सामान्य चार-फेरी एंजिन मिनिटास ६,००० फेरे घेत आहे असे धरू. दोन फेऱ्यांत ते एकदा श्वास घेते. पुरा श्वास कधीच आत येत नाही. ८५ टक्के येतो असे मानले, तर मिनिटास ३,०६० लिटर हवा आत गेली. बेंगळुरूस तिचे वजन सेकंदास सुमारे ५४ ग्रॅम होते व त्यात १२.४ ग्रॅम प्राणवायू असतो. मुंबईस हेच आकडे ६० व १३.८ येतात. तूट सुमारे १.४ ग्रॅमची. ती भरून काढण्यास सेकंदास ४ ग्रॅम नायट्रस ऑक्साइड पुरतो! ‘लहान मात्रा’ म्हणतात ती अशी. एवढ्याने बेंगळुरूची गाडी मुंबईच्या गाडीच्या बरोबरीस येते, अधिक काही नाही. सेकंदास १० ग्रॅम सोडले तर ३.६ ग्रॅम प्राणवायूची भर पडते, म्हणजे जवळजवळ तीन दशांश. ७५ अश्वशक्तीच्या एंजिनास २० अश्वशक्तीची जोड मिळते. कारखान्यातून आलेल्या, आतून न बदललेल्या एंजिनाने याच्या पुढे जाऊ नये असे आमचे मत आहे.

साहित्य फारसे नाही. साडेचार किलोग्रॅम वायू मावणारी बाटली, तिच्यापासून पुढे येणारी पोलादी वेष्टनाची नळी, गाळणी, दोन विद्युत्‌चुंबकी झडपा आणि हवेच्या वाटेवर बसविलेली फवारणी. एक झडप वायूची, दुसरी पेट्रोलची. दोन्हींच्या पुढे बारीक भोकाची पितळी तोटी असते. किती वायू व किती पेट्रोल जावे, ते या भोकांच्या व्यासावर ठरते. चालकाच्या हाताशी एक मुख्य बटण असते, आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरच जुळणारी दुसरी कळ. दोन्ही जुळल्याखेरीज झडपा उघडत नाहीत.

पेट्रोलची झडप कशासाठी, असा प्रश्न वाचकास पडेल. सर्व धोका येथेच आहे, म्हणून थोडे थांबावयास हवे. रसायनशास्त्राच्या हिशेबाने ९.६ ग्रॅम नायट्रस ऑक्साइडला एक ग्रॅम पेट्रोल पुरते. व्यवहारात मात्र सहा ग्रॅमांस एक ग्रॅम देतात, कारण वाढीव पेट्रोल सिलिंडर थंड ठेवते. आपल्या १० ग्रॅम वायूस सुमारे १.६ ग्रॅम जादा पेट्रोल हवे. पूर्ण दाबलेल्या ॲक्सिलरेटरवर एंजिन एरवी सेकंदास ४.३ ग्रॅमच्या आसपास पेट्रोल घेते. म्हणजे पेट्रोलच्या पंपावर एक तृतीयांशाहून अधिक बोजा अकस्मात पडला. पंप जुना असेल, गाळणी तुंबलेली असेल, तर वायू पुरता येतो आणि पेट्रोल येत नाही. मिश्रणात प्राणवायूचे आधिक्य होते, ज्वाला तापते, आणि सिलिंडरच्या टोकाशी उरलेले मिश्रण ज्योत पोचण्यापूर्वी आपोआप पेटते. यास अपस्फोटन म्हणतात. ऐकणाऱ्यास तो लोखंडी पेटीत खडे खडखडल्यासारखा आवाज येतो. ॲल्युमिनियमचा दट्ट्या हा मारा फार वेळ सोसत नाही. त्याची कड वितळते किंवा मधोमध भोक पडते, आणि हे सर्व काही सेकंदांत घडते. म्हणून बाटली जोडण्यापूर्वी पूर्ण भारावर पेट्रोलचा दाब मोजावा, ठिणगी सुमारे दोन अंश उशिरा पाडावी आणि अधिक ऑक्टेन अंकाचे पेट्रोल भरावे. विरळ हवेमुळे बेंगळुरूच्या एंजिनात मुळातला दाब कमी असतो, हा थोडा दिलासा. परंतु प्राणवायूने समृद्ध मिश्रण अधिक जलद जळते, हे विसरून चालणार नाही.

दुसरी गोष्ट फेऱ्यांची. तोटीतून वायू ठरावीक गतीने येतो. एंजिन हळू फिरते आहे की वेगाने, हे तिला ठाऊक नसते. ६,००० फेऱ्यांवर जे १० ग्रॅम तीन दशांश भर घालतात, तेच ३,००० फेऱ्यांवर जवळजवळ सहा दशांश घालतात, कारण एंजिनाचा स्वतःचा श्वास तेव्हा निम्माच असतो. दट्ट्याच्या दांड्यावर त्या वेळी पडणारा घाव विलक्षण असतो. फेरे ३,००० च्या बरेच वर गेल्याखेरीज वायू सोडू नये, तो याचसाठी.

बाटलीचा दाबही स्थिर नसतो. १५ अंशांच्या पहाटे तो सुमारे ४५ वातावरणे असतो, ३३ अंशांच्या दुपारी ६६ च्या घरात जातो. दाब वाढला की तोटीतून वायू अधिक येतो, पेट्रोल मात्र तेवढेच राहते. पहाटे बिनधोक चाललेली जुळणी दुपारी घातक ठरू शकते. ३६.४ अंश हे या वायूचे क्रांतिक तपमान. त्यापुढे द्रव असा उरतच नाही. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या बंद सामानकप्प्यात एवढे तपमान सहज होते. सोलापूर-नागपूरच्या उन्हाळ्यात तर ते सावलीतही असते. बाटलीस दाब सोडणारी चकती असलीच पाहिजे आणि तिचे तोंड गाडीबाहेर नळीने काढलेले असावे. बंद खोलीत हा वायू जमिनीलगत साचतो व श्वासातील प्राणवायूची जागा घेतो. उरलेला वायू हवेत सोडून देणेही बरे नव्हे: वातावरण तापविण्यात त्याचा एक किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ किलोग्रॅमांइतका प्रभावी आहे.

कायद्याचा भाग थोडक्यात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याच्या मूळ नमुन्याशी विसंगत ठरेल असा बदल नोंदणीकृत वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. सार्वजनिक रस्त्यावर विनापरवाना शर्यत लावणे हा कलम १८९ खाली गुन्हा आहे. बाटल्यांस २०१६ चे गॅस सिलिंडर नियम लागू होतात. म्हणून ही जुळणी चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईसारख्या बंदिस्त धावपट्टीची आहे, बेंगळुरूच्या वर्तुळमार्गाची नव्हे.

पहिली चाचणी पाच-सहा सेकंदांचीच घ्यावी. वायू बंद होताच एंजिनही बंद करावे आणि ते निवल्यावर ठिणगीचे प्लग काढून भिंगाखाली पाहावेत. चिनी मातीचा भाग फिकट तपकिरी असेल तर मिश्रण ठीक. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी पडले. त्यावर चांदीसारखे कण दिसले तर ते दट्ट्याचे ॲल्युमिनियम होय. चारांपैकी एकच प्लग पांढरा निघण्याचा प्रसंग वारंवार येतो. आजच्या एंजिनांची हवेची वाट केवळ हवेसाठी आखलेली असते. पेट्रोलचे थेंब तिच्या वळणांवर हवेबरोबर वळत नाहीत आणि एखाद्या सिलिंडरास वायू मिळून पेट्रोल मिळत नाही. अशा वेळी मोठ्या भोकाची तोटी लावण्याचा मोह टाळून आधी फवारणीची जागा बदलावी, नवे प्लग लावावेत व पाच सेकंदांची चाचणी पुन्हा घ्यावी.