यमनची बावीस मिनिटं

चि. राणीस,


गुरुपौर्णिमेला तू गायलेला यमन काल रात्री सगळा ऐकला. घरच्या ग्रुपवर टाकलेला चाळीस सेकंदांचा तुकडा नव्हे. तुझ्या बाबांकडून पूर्ण बावीस मिनिटं मागवून घेतली. त्या तुकड्याचं सगळ्यांनी कौतुक केलंय आणि तू खूश आहेस, ते योग्यच आहे. पण त्यात नुसत्या द्रुतातल्या ताना आहेत. तुझं खरं गाणं त्याआधीच झालं होतं.

विलंबित एकतालात मध्येच तुझी सम हुकली. तू घाबरली नाहीस. षड्जावर थांबलीस, तबलजींनी ठेका तसाच शांत ठेवला आणि पुढच्या आवर्तनात मुखडा घेऊन तू नेमकी समेवर आलीस. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते तिथे. तेवढा भाग कापून पाठवू का, असं आईला विचारलंस म्हणे. कापू नकोस गं.

१९०२ साली कोलकात्यात गायिका गौहर जान यांनी ध्वनिमुद्रण केलं, तेव्हा तबकडीवर जेमतेम तीन मिनिटं मावायची. एवढं मोठं गाणं त्यांना तेवढ्यात बसवावं लागलं. तुझ्यावर तशी सक्ती नाही. मग आपण होऊन कात्री का लावायची? गौहर जान गाण्याच्या शेवटी स्वतःचं नावही सांगत. तबकड्या जर्मनीत बनायच्या आणि तिथल्या माणसांना गाणारी कोण ते कळायला हवं असायचं. तूही फाइलसोबत राग, ताल, तारीख, तुझ्या गाण्याच्या बाईंचं नाव आणि तबला-पेटीची साथ कोणाची होती ते लिही. ग्रुपवर तू फक्त ‘माझा यमन’ लिहिलंस. तो एकटीचा नव्हता.

म्हणून कुणालाही पाठवण्यापूर्वी आधी बाईंना विचार, मग साथीदारांना. कॉपीराइट कायद्यातल्या १९९४ च्या दुरुस्तीपासून कलाकाराचा आपल्या सादरीकरणावर हक्क मानला गेलाय, पण कायदा नसता तरी विचारावंच लागलं असतं. आणि एक गोष्ट मात्र नक्की काप. व्हिडिओच्या सुरुवातीला तुझ्या आधी गायलेल्या लहान मुलाचा स्वर ढळलेला ऐकू येतो. आपली चूक आपण दाखवावी; त्याची दाखवायचा अधिकार आपल्याला नाही.

पाठवायचं ते सगळ्यांना नको. बावीस मिनिटं बसून ऐकतील अशी माणसं मोजलीस तर पाच-सहा निघतील. त्यांना पूर्ण पाठव, तेही डॉक्युमेंट म्हणून. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून टाकलास तर तो दाबला जातो आणि आवाजाची रया जाते. पुढच्या वेळी फोन तबल्याशेजारी ठेवू नका. फोन आवाज आपोआप वर-खाली करतो. तबल्याची थाप पडली की तुझा मंद्रातला निषाद मागे जातो. बाकीच्यांना पुढच्या कार्यक्रमाचं आमंत्रण दे.

एक प्रत पेनड्राइव्हवर वेगळी ठेव, फोन बदलला की अशा गोष्टी हरवतात. गायक भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. पुण्यात भारत गायन समाज त्यांनी उभा केला, बालगंधर्वांना, मास्टर कृष्णरावांना शिकवलं. पण त्यांच्या आवाजाचं एकही ध्वनिमुद्रण आपल्याला ऐकायला मिळत नाही. शिष्यांच्या गाण्यातून त्यांचा अंदाज बांधायचा, एवढंच. याची मला फार हळहळ वाटते. तुझ्या आजच्या आवाजाची हळहळ दहा वर्षांनी तुलाच वाटू नये.

आजीला मात्र फोनवर पाठवू नकोस. तिला उजव्या कानाने कमी ऐकू येतं आणि त्या इवल्या स्पीकरमधून तंबोरा जवळजवळ नाहीसाच होतो. रविवारी ये. मोठा स्पीकर तिच्या डाव्या बाजूला ठेवू आणि पहिल्या आलापापासून लावू. मध्ये काही समजावून सांगू नकोस. ती मांडीवर बोटांनी मात्रा मोजते. सम हुकते तिथे तिची बोटं थांबतात का, ते बघ.

तुझी,
आत्या