एबेट्स फील्ड : एका नामशेष क्रीडांगणाची कथा

क्रिकेट आपणां सर्वांच्या परिचयाचें आहे. अमेरिकेंत तसाच बेसबॉल हा खेळ लोकप्रिय आहे. नव्वद फूट बाजूच्या चौकोनाच्या कोपऱ्यांवर चार ठाणीं असतात. खेळाडू गोल दांडूनें चेंडू टोलवितो आणि ह्या ठाण्यांची फेरी पुरी करून एक धाव मिळवितो. हा चौकोन सर्वत्र सारखाच असतो. बाहेरच्या भिंती मात्र जागेच्या सोयीप्रमाणें जवळ वा दूर असतात. त्यामुळें प्रत्येक मैदानास स्वतःचा स्वभाव येतो. अशाच एका लहरी मैदानाची हकीकत आम्ही येथें सांगत आहों.

न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागांत एके ठिकाणीं लोक कचरा टाकीत असत व तेथें डुकरें चरत असत. 'डॉजर्स' संघाचे धनी चार्ल्स एबेट्स यांनीं तेथील जमिनीचे लहान लहान तुकडे गुपचूप विकत घेतले व त्यांवर एबेट्स फील्ड बांधलें. १९१३ सालीं तें खुलें झालें. प्रवेशद्वारीं ऐंशी फूट व्यासाचें संगमरवरी दालन होतें व त्यांतील झुंबरास बॅटींच्या आकाराचे दांडे होते. थाट एवढा, परंतु वृत्तपत्रकारांसाठीं जागा ठेवावयाचें राहूनच गेलें!

पुढें उजवीकडील भिंत विशेष गाजली. ती तीनशे फुटांहूनही जवळ होती. तिचा खालचा भाग उतरता असल्यानें चेंडू आपटून कोणीकडे उडेल याचा नेम नसे. तिच्या पायथ्याशीं एब स्टार्क या कपडेविक्रेत्याची पाटी होती. जो खेळाडू चेंडूनें ह्या पाटीचा वेध घेईल त्यास एक सूट बक्षीस! परंतु पुढेंच क्षेत्ररक्षक उभा असल्यामुळें तो सूट फारच थोड्यांस लाभला.

परंतु ह्या गमतींमुळें मैदान थोर ठरलें नाहीं. सुमारें साठ वर्षें एका अलिखित नियमानें कृष्णवर्णीय खेळाडूंना वरच्या संघांची दारें बंद होतीं. १५ एप्रिल १९४७ रोजीं जॅकी रॉबिन्सन ह्याच मैदानांत उतरले आणि तें दार उघडलें. अपमान झाला तरी हात न उचलण्याचें वचन संघाचे प्रमुख ब्रँच रिकी यांनीं त्यांजकडून आधींच घेतलें होतें. त्या दिवशीं रॉबिन्सन यांचा एकही टोला सफळ झाला नाहीं. तरी संघास आघाडी देणारी धाव त्यांनींच काढली. पुढें शिव्या व धमक्या सोसून त्यांनीं खेळानेंच उत्तर दिलें, आणि १९४९ मध्यें ते आपल्या लीगमधील सर्वांत मोलाचे खेळाडू ठरले.

नव्या मैदानाच्या जागेवरून संघाचे धनी व शहराचे अधिकारी यांचें जमलें नाहीं. १९५७ च्या हंगामानंतर संघ लॉस एंजेलिस येथें गेला. फेब्रुवारी १९६० मध्यें पाडकाम सुरू झालें. भिंती फोडणारा लोखंडी गोळा बेसबॉलसारखाच रंगविलेला होता! आज त्या जागीं उंच निवासी इमारती उभ्या आहेत.

तें संगमरवर गेलें, ती पाटीही गेली. परंतु दरवर्षीं १५ एप्रिल रोजीं वरच्या संघांतील सर्व खेळाडू रॉबिन्सन यांचा ४२ हा अंक पाठीवर धारण करितात. आमच्याही शाळेच्या मैदानांत रोज संघ निवडले जातात. कोणी मुलगा बाहेर उभा राहिला आहे काय, हें पाहणें आपल्याच हातीं आहे.