नर्स ते महापौर : खाटेपासून लोकांच्या कामापर्यंत

'मोठेपणी कोण होणार?' असं विचारलं की जुन्नर-आंबेगावच्या शाळांतून 'मी नर्स होणार' असं उत्तर हमखास येतं. चांगलंच आहे. पण नर्स झाल्यावर पुढे काय, हे सहसा कोणी विचारत नाही. आज त्याबद्दल समजून घेऊ.

खाटेजवळ काय शिकायला मिळतं?

डॉक्टर राउंड घेऊन जातात, पण पेशंटजवळ जास्त वेळ असते ती सिस्टर. ताप किती, सलाईन किती राहिलं, पेशंट जेवला का, घरचं कोणी आलंय का, हे सगळं ती बघते आणि लिहून ठेवते.

आता समजा, एकाच वाडीतली दहा माणसं एका आठवड्यात जुलाब होऊन दवाखान्यात आली. औषध दिलं, बरी होऊन घरी गेली. पण विहीर तीच, पाणी तेच! महिनाभरात तीच माणसं परत येणार. औषध देणं सिस्टरच्या हातात आहे, पण विहिरीत टीसीएल पावडर वेळेवर टाकणं, फुटलेली पाइपलाइन दुरुस्त करणं ही ग्रामपंचायतीची कामं. म्हणून रोगाचं मूळ ज्याला कळतं असं माणूस, जिथे निर्णय होतात तिथेही असायला हवं.

जगातलं उदाहरण

फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धातील सैनिकांची शुश्रूषा करायला गेल्या. तिथे जखमांपेक्षा रोगराईनेच जास्त सैनिक मरत होते. युद्धानंतर त्यांनी मृत्यूंचे आकडे गोळा केले, त्यांच्या आकृत्या काढल्या आणि सरकारला स्वच्छतेचं महत्त्व पटवून दिलं. त्या भारतात कधी आल्या नाहीत, तरी इथल्या सार्वजनिक आरोग्यावर त्यांनी अनेक वर्षं लिहिलं. त्यांचा जन्मदिवस १२ मे हा जागतिक परिचारिका दिन म्हणून साजरा होतो.

महाराष्ट्रातलं उदाहरण

किशोरी पेडणेकर यांनी आधी परिचारिका म्हणून नोकरी केली. पुढे त्या राजकारणात आल्या, मुंबई महापालिकेत नगरसेविका झाल्या आणि २२ नोव्हेंबर २०१९ रोजी मुंबईच्या महापौर झाल्या. चारच महिन्यांत कोरोना आला. २७ एप्रिल २०२० रोजी त्या परिचारिकेचा गणवेश घालून महापालिकेच्या नायर रुग्णालयात गेल्या आणि तिथल्या परिचारिकांना धीर दिला.

एका भेटीने साथ आटोक्यात येत नाही, हे खरं. पण त्या दिवसांत कोरोना वॉर्डात काम करणाऱ्यांना लोक घाबरायचे, काही ठिकाणी शेजारीही टाळायचे. अशा वेळी शहराच्या पहिल्या नागरिकाने तोच गणवेश घालून उभं राहणं याला अर्थ होता. पक्ष कोणताही असो, आपण त्यातून घ्यायचं ते एवढंच : पद मिळालं तरी आधीचं शिक्षण वाया जात नाही.

आपल्या ओतूरची आठवण

सावित्रीबाई फुले काही शिकलेल्या नर्स नव्हत्या. त्यांचा प्रवास उलटा होता, लोकांच्या कामातून रुग्णाच्या खाटेकडे. १८७७ च्या दुष्काळात त्या आपल्या जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला होत्या. लोकांचे हाल त्यांनी तिथून जोतीरावांना पत्राने कळवले. वीस वर्षांनी, १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला तेव्हा त्यांनी रुग्णांची सेवा केली. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचं निधन झालं. म्हणजे खाट आणि समाज ही दोन वेगळी कामं नाहीतच.

मार्ग कसा आहे?

- बारावीनंतर एएनएम (२ वर्षे) किंवा जीएनएम (३ वर्षे). बी.एस्सी. नर्सिंगला ४ वर्षे लागतात आणि त्यासाठी बारावी विज्ञान शाखेतून, जीवशास्त्र घेऊन करावी लागते.
- त्यानंतर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी.
- नोकरी उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय किंवा खासगी दवाखान्यात. नियमानुसार सपाट भागात ५,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र असतं, तर आपल्या पश्चिम पट्ट्यासारख्या डोंगरी-आदिवासी भागात ३,००० ला.
- सरकारी नोकरीत राहून निवडणूक लढवता येत नाही, राजीनामा द्यावा लागतो. पक्की नोकरी सोडणं सोपं नाही, घरच्यांचाही विचार करावा लागतो.
- महाराष्ट्रात ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषदेत महिलांसाठी ५० टक्के जागा राखीव आहेत. म्हणजे दार उघडं आहे.

आणि निवडणूक हाच एक रस्ता नाही बरं का! ग्रामसभेत उभं राहून 'आपल्या विहिरीचं पाणी तपासलं का?' असं विचारणारी सिस्टरताईसुद्धा लोकांचंच काम करत असते. मुलांनो, नर्सिंग फक्त मुलींसाठी नाही, मुलगेही हे शिक्षण घेतात.

करून पाहा

१. तुमच्या गावचं उपकेंद्र कोणतं? तिथल्या सिस्टरना त्यांच्या कामाबद्दल पाच प्रश्न विचारा.
२. पाण्यात टीसीएल कोण टाकतं आणि किती दिवसांनी, हे ग्रामपंचायतीत विचारून वहीत लिहा.
३. विचार करा : तुम्ही सरपंच झालात, तर आजार कमी करण्यासाठी पहिलं काम कोणतं कराल? का?