ऑनलाइन दुकानाची जागा कशी निवडावी?

वेबसाइट बांधण्याची विद्या शिकणारे विद्यार्थी आम्हांस वारंवार विचारतात कीं, ऑनलाइन दुकानासाठीं सर्वांत उत्तम प्लॅटफॉर्म कोणता? या प्रश्नाचें उत्तर एका नांवानें देतां येत नाहीं. प्लॅटफॉर्म म्हणजे दुकानाची जागा. आणि जागा ही माल व धनी पाहूनच ठरवावी लागते.

ही गोष्ट वऱ्हाडास नवी नाहीं. कारंजा येथें १८८६ सालीं कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. पुढें १८९७ सालीं वऱ्हाडाकरितां कापूस व धान्य बाजारांचा कायदा होऊन बाजारांवर देखरेख करणाऱ्या समित्यांची सोय झाली. बाजार कोणाच्या ताब्यांत आहे, खर्च किती कापला जाईल, आणि तक्रार कोणाकडे न्यावयाची, हें विचारल्यावांचून शहाणा शेतकरी आपली गाडी आंत नेत नाहीं. ऑनलाइन दुकानाविषयींही हेच प्रश्न विचारावे.

जागेचे प्रकार ढोबळ मानानें तीन आहेत. पहिला, मोठ्या बाजारांतील गाळा. उदाहरणार्थ अॅमेझॉन किंवा फ्लिपकार्ट. तेथें गिऱ्हाइकांची गर्दी आयती मिळते. परंतु विक्रीवर कमिशन द्यावें लागतें, आणि गिऱ्हाईक दुकानदारास न ओळखतां बाजारासच ओळखतें. दुसरा, भाड्याचें दुकान. जसें कॅनडांत २००६ सालीं निघालेलें शॉपिफाय. तेथें सर्व्हर व सुरक्षितता ते सांभाळतात. आपण दरमहा भाडें भरावें. तिसरा, स्वतःच्या जागेवरील बांधकाम. जसें वर्डप्रेसवर चालणारें, २०११ सालीं आलेलें वूकॉमर्स. तें सॉफ्टवेअर फुकट मिळतें. पण होस्टिंग, बॅकअप आणि वेळोवेळीं करावयाचे अपडेट यांचा भार आपल्यावर पडतो.

आतां दोन उदाहरणें घेऊं. अकोल्याचा डाळगिरणीवाला तुरीची डाळ बारमाही विकतो. माल जड, नफा थोडा. म्हणून वजन व पिनकोड यांवरून पाठवणीचा खर्च अचूक काढतां येणें हीच त्याची मुख्य गरज. उलट अमरावती जिल्ह्यांतील वरुडचा संत्रा बागाईतदार हंगामापुरताच विकणार, आणि त्याचा माल नाशवंत. त्यास बारा महिने मोठें भाडें परवडणार नाहीं. मात्र हंगाम संपतांच विक्री बंद करण्याची आणि हंगामांत लवकर माल रवाना करण्याची सोय त्यास हवी. एकच प्लॅटफॉर्म दोघांच्या गळ्यांत बांधणें योग्य नव्हे.

खर्चाचा हिशेब निदान तीन वर्षांचा मांडावा. समजा, महिन्याची विक्री पन्नास हजार रुपयांची आहे आणि शेंकडा दोन रुपये कापले जातात. म्हणजे महिन्यास हजार, वर्षास बारा हजार, आणि तीन वर्षांत छत्तीस हजार रुपये गेले. आरंभीं स्वस्त वाटणारी जागा शेवटीं महाग ठरते ती अशी.

यापुढें बाहेर पडण्याची वाट पाहून ठेवावी. मॅजेंटो हा प्रसिद्ध प्लॅटफॉर्म २००८ सालीं आला व २०१८ सालीं अडोबी कंपनीनें विकत घेतला. जून २०२० मध्यें त्याच्या पहिल्या आवृत्तीचा आधार बंद झाला. तेव्हां तीवर उभ्या असलेल्या दुकानांस बिऱ्हाड हलवावें लागलें किंवा जोखीम पत्करावी लागली. म्हणून मालाची यादी, गिऱ्हाइकांची नोंद आणि जुन्या ऑर्डरी सहज उतरवून नेतां येतात कीं नाहीं, हें आधींच तपासावें. डोमेन व्यापाऱ्याच्याच नांवें घ्यावें.

२०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांचाही विसर पडूं देऊं नये. विक्रेत्याचें नांव, पत्ता, परतीच्या अटी व तक्रार निवारण करणारा अधिकारी हीं गिऱ्हाइकास स्पष्ट दिसलीं पाहिजेत.

सरतेशेवटीं, निवड पक्की करण्यापूर्वीं साध्या मोबाइलवर, मंद इंटरनेटवर, एक खरी ऑर्डर करून पाहावी. यूपीआयनें पैसे भरावे, मग ती रद्द करून पैसे परत येतात कीं नाहीं तें पाहावें. आणि हें सर्व व्यापाऱ्याच्या घरच्या माणसाकडून करवून घ्यावें. तुम्ही नोकरीनिमित्त पुण्यास गेल्यावर दुकान त्यासच चालवावयाचें आहे. विद्यार्थी मित्रांनो, ज्याची जमापुंजी त्या दुकानांत गुंतली आहे, त्याच्या हातीं किल्ली राहील अशीच जागा निवडा. आपल्या सवयीची म्हणून नव्हे.