नवलकथा आणि मुलाची घरची बोली
(इयत्ता तिसरी व चौथी : भाषेच्या तासासाठी)

खांद्यावरचे प्रेत राजाला गोष्ट सांगते, शेवटी कूटप्रश्न घालते आणि राजाने मौन सोडताच पुन्हा झाडाला जाऊन लटकते. वेताळपंचविशीतील ही कल्पना बहुतेक शिक्षकांच्या परिचयाची आहे. या पंचवीस गोष्टी काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात रचलेल्या 'कथासरित्सागर' या १२४ तरंगांच्या संस्कृत ग्रंथात आहेत. आपला ग्रंथ हा गुणाढ्याच्या 'बृहत्कथे'चे सार होय, असे सोमदेव सांगतो. आणि परंपरेप्रमाणे गुणाढ्य हा गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातील पैठणचा. करमाड परिसरातील शिक्षकांना हा कथासंग्रह म्हणूनच जवळचा वाटावा.

कथा. सातवाहन राजा जलक्रीडा करीत असता एक राणी त्याला म्हणाली, "मोदकैः". 'मा उदकैः', म्हणजे 'पाणी उडवू नका', असे तिला म्हणावयाचे होते. राजाला संधी ठाऊक नव्हता. त्याने मोदक आणविले! राणी हसली आणि राजा खजील झाला. त्याला व्याकरण शिकविण्यास गुणाढ्याने सहा वर्षे मागितली. शर्ववर्मा म्हणाला, "सहा महिने पुरेत." तसे घडल्यास संस्कृत, प्राकृत व देशी या तिन्ही भाषा सोडण्याचा पण गुणाढ्याने केला आणि तो हरला. मौन धरून तो अरण्यात गेला. तेथे तो पिशाचांची भाषा शिकला आणि शाई नसल्यामुळे स्वतःच्या रक्ताने त्याने सात लक्ष श्लोकांची कथा लिहिली. राजाने ती हलक्या भाषेतील म्हणून परत केली. तेव्हा गुणाढ्य एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवून अग्नीत टाकू लागला. पशू चरणे विसरले व वाळले. राजाच्या ताटात सुके मांस येऊ लागले, तेव्हा त्याने चौकशी केली आणि तो धावत अरण्यात गेला. तोवर सहा लक्ष श्लोक जळाले होते.

ही दंतकथा आहे, इतिहास नव्हे, हे मुलांना सांगावे. मूळ बृहत्कथा मात्र खरोखरच आज उपलब्ध नाही.

शिक्षकांसाठी बोध. आपल्या वर्गात कोणी मराठवाडी बोली बोलतो, कोणी दखनी, तर तांड्यावरचे मूल गोरमाटी. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत कामासाठी आलेल्या कुटुंबांची मुले आणखी वेगळी बोली आणतात. मूल उत्साहाने गोष्ट सांगू लागते. आपण पहिल्याच वाक्याला त्याचा शब्द सुधारतो आणि ते गप्प बसते. भाषा पाहून कथा परत करणाऱ्या राजाची चूक ती हीच. व्याकरण शिकवूच नये, असा याचा अर्थ नव्हे. मोदकांची फजिती व्याकरणाच्या अज्ञानानेच झाली. परंतु सुधारण्याची वेळ गोष्ट पूर्ण झाल्यानंतरची आहे.

पाठाची मांडणी.
१. मोदकांचा प्रसंग सांगावा. 'मा उदकैः' व 'मोदकैः' फळ्यावर लिहून दोन शब्द कसे जुळले, ते दाखवावे.
२. पाने जळू लागतात तेथे कथा थांबवावी. "पुढे काय झाले असेल?" असे विचारावे. उत्तर कितीही अद्भुत असले तरी ते नाकारू नये.
३. घरच्या वडीलधाऱ्या माणसांकडून एक नवलाची गोष्ट ऐकून येण्यास सांगावे.
४. दुसऱ्या दिवशी मुलाने ती घरच्या बोलीत सांगावी. शिक्षकाने मध्ये न बोलता ती वहीत जशीच्या तशी उतरून घ्यावी.
५. त्यानंतर सर्वांनी मिळून ती प्रमाण मराठीत लिहावी व दोन्ही पाठ शेजारी ठेवावेत.

कथेचे तात्पर्य सांगण्याची घाई करू नये. वर्षअखेर ही वही शाळेच्या कपाटात पुढील वर्गासाठी ठेवावी. ज्या आजीची गोष्ट कोणी उतरून घेतली नाही, ती तिच्याबरोबरच जाते; आणि ती परत मिळविण्यास मग कोणताही राजा धावून आला तरी उपयोग नसतो.