अमावस्येला म्हैसमाळ

आकाश शिकायला निघालेल्या माणसाला मी आधी घरातल्या कॅलेंडरवरचं महिन्याचं मराठी नाव वाचायला सांगतो. पौर्णिमेचा चंद्र ज्या नक्षत्रात किंवा त्याच्या शेजारी असतो, त्यावरून महिन्याला नाव पडलं. चित्रेवरून चैत्र, कृत्तिकांवरून कार्तिक, मृगशीर्षावरून मार्गशीर्ष, मघांवरून माघ. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळताना उगवतो आणि रात्रभर सोबत करतो. ते नक्षत्रही त्याच सुमारास तसंच वागतं. म्हणून मार्गशीर्षात मुक्कामाला निघालात तर अंधार पडल्यावर पूर्वेकडे तोंड करून बसा. मृग समोरून वर येतो.

रात्र मात्र पौर्णिमेची निवडू नका, कारण चांदण्यात बारीक तारे दिसेनासे होतात. अमावस्येच्या जवळचा शनिवार धरा. आपल्याकडे महिना अमावस्येला संपतो, हे इथे फार सोयीचं पडतं. तारे रोज चार मिनिटं लवकर उगवतात, त्यामुळे पौर्णिमेनंतरच्या पंधरा दिवसांत तासाभराचा फरक पडतो. महिनाअखेरच्या अमावस्येला, तिन्हीसांजा सरून काळोख होईतो, त्या महिन्याचं नक्षत्र क्षितिजावरच्या धुळीतून चांगलं वर आलेलं असतं. अमावस्येला रानात जायचं नाही, असं घरची वडीलधारी मंडळी सांगतात. त्यांना सांगून, सोबत घेऊन जा. आपल्याच मराठवाड्यात लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्ष अमावस्येला, म्हणजे येळवसेला, अख्खी घरं शेतावर जेवायला जातात. त्या संध्याकाळी तिथेही मृग पूर्वेला उभा असतो.

इथे एक घोटाळा दूर करायला हवा. ‘मृग लागला’ असं शेतकरी जूनच्या ७-८ तारखेला म्हणतो, म्हणून कित्येक जण जूनच्या रात्री मृग शोधतात. पावसाची नक्षत्रं सूर्याची असतात. सूर्य मृगात गेला की ते नक्षत्र दिवसा त्याच्याबरोबर उगवतं आणि त्याच्याबरोबर मावळतं, म्हणून रात्री दिसत नाही. हस्ताचा पाऊस सप्टेंबरच्या अखेरीस पडतो, पण हस्ताची पाच बोटं बघायची ती एप्रिल-मेच्या रात्री. पावसाचं नक्षत्र आणि रात्री डोक्यावर दिसणारं नक्षत्र यांत साधारण सहा महिन्यांचं अंतर ठेवा.

पहिल्या रात्रीसाठी म्हैसमाळ उत्तम. छत्रपती संभाजीनगरपासून खुलताबादमार्गे साधारण ४० किलोमीटर, वर मोकळं पठार, गिरिजादेवीचं देऊळ, आणि गाडी थेट जाते. शहर आग्नेयेला आणि वाळूजचे कारखाने दक्षिणेला राहतात, त्यामुळे त्या बाजूचं क्षितिज उजळलेलं असतं. उत्तर आणि पश्चिम बाजू पुष्कळ काळोखी. उजेडाकडे पाठ करून बसायची जागा दिवसाउजेडी हेरून ठेवा. कड्यापासून लांब, आणि गवतात नाही. घोणस आणि फुरसं इथे आहेत. बूट घाला, सतरंजी टाकण्याआधी जमीन बॅटरीने नीट बघा.

मग बॅटरी बंद. डोळ्यांना काळोखाची सवय व्हायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो आणि एकाने जरी मोबाइल उघडला तरी सगळ्यांची मेहनत वाया जाते. बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटीन कागद दुहेरी बांधा. नकाशे दाखवणारी अ‍ॅप चांगली आहेत, पण ती आदल्या दिवशी घरी बघावीत. पठारावर आपली मूठ पुरते. हात ताठ पसरून एक डोळा मिटला की मुठीची रुंदी आकाशात साधारण १० अंश भरते.

ध्रुव कुठला, असं विचारलं की बहुतेक बोटं सगळ्यात तेजस्वी ठिपक्याकडे जातात. तो शुक्र असतो, गुरू असतो, नाहीतर व्याध. ध्रुव मध्यम तेजाचा तारा आहे. जागेचे अक्षांश जितके, तितकाच तो उत्तर क्षितिजाच्या वर असतो. छत्रपती संभाजीनगर २० अंशांच्या जवळ आहे, म्हणजे बरोबर दोन मुठी. उत्तर क्षितिजावर एक मूठ, तिच्यावर दुसरी, आणि वरच्या मुठीच्या कडेवर जो एकटा तारा बसलेला दिसेल तो ध्रुव. इतकं सोपं माप फार थोड्या गावांच्या नशिबी असतं.

फेब्रुवारीपासून संध्याकाळी ईशान्येला सप्तर्षी चढू लागले की खात्री करून घ्या. त्यांतल्या पुलह आणि क्रतू या दोघांना जोडणारी रेघ क्रतूच्या पुढे, त्यांच्यामधल्या अंतराच्या पाचपट नेली की ध्रुवापाशी पोहोचते. परदेशी पुस्तकांत सप्तर्षी कधीच मावळत नाहीत असं लिहिलेलं असतं, ते त्यांच्या अक्षांशांवर खरं. आपल्याकडे ते चक्क मावळतात. दिवाळीच्या सुमारास त्यांचा पत्ता नसतो, तेव्हा उत्तरेला शर्मिष्ठेची पाच ताऱ्यांची वेडीवाकडी रेघ शोधा. शर्मिष्ठेच्या वरच्या बाजूला देवयानी. तिच्यातला धुरकट ठिपका नुसत्या डोळ्यांनी दिसला, तर २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश तुम्ही पाहिलात. नजर त्या ठिपक्याच्या किंचित बाजूला ठेवा, तो जास्त स्पष्ट होतो.

मृगाला मात्र तास-दीड तास द्या. पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण सर्वांत आधी ओळखू येतो. उगवताना तो आपल्याकडून जवळजवळ उभा दिसतो, तिन्ही तारे एकावर एक. हा बाण खगोलीय विषुववृत्ताला लागून आहे, त्यामुळे तो नेमका पूर्वेला उगवतो आणि नेमका पश्चिमेला मावळतो. रात्री वाट चुकलेल्या ट्रेकरला याहून भरवशाचं होकायंत्र नाही. चार कोपऱ्यांवर मृगाचे चार पाय. त्यांतला तांबूस तो काक्षी आणि निळसर पांढरा राजन्य. दोघांच्या रंगांतला फरक मुलांना आधी विचारा, त्यांचे डोळे ताजे असतात. बाणाची रेघ वर नेली की तांबडी रोहिणी, तिच्या पुढे कृत्तिकांचा पुंजका. साध्या डोळ्यांना सहा मोजता आल्या तर आकाश चांगलं आहे असं समजा. बाण उगवल्यावर दीडेक तासाने त्याच रेघेत खाली व्याध वर येतो, आणि मग शिकाऱ्याची सगळी गोष्ट समोर मांडली जाते.

पौषाबद्दल मात्र सावध करतो. पुष्य अंधूक आहे, नवख्याला काहीच दिसलं नाही असं वाटेल. त्या महिन्यात थेट मृगावर आणि पुनर्वसूच्या जोडीवर लक्ष द्या. आषाढ-श्रावणाची नक्षत्रं त्या महिन्यांत ढगाआडच राहतात.

म्हैसमाळ जमलं की गौताळ्याकडे चला. कन्नडजवळचं हे अभयारण्य, बिबट्याचं रान. आत रात्री थांबायचं नाही, वनखात्याचे नियम पाळून बाहेरच्या गावात मुक्काम करा. डोंगर उतरून चाळीसगावच्या बाजूला गेलं की पाटणादेवी. तिथल्या देवळातला शिलालेख दिवसा जरूर बघा. देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी चांगदेव याने आपले आजोबा भास्कराचार्य यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तेराव्या शतकाच्या सुरुवातीला इथे मठ काढला, असं त्यात कोरलेलं आहे. भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ ११५० साली लिहिला, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. ज्यांनी हे शिकवलं-शिकलं, त्यांच्या डोक्यावर हेच दोन मुठींवरचं उत्तर आकाश होतं. तो लेख वाचून त्याच संध्याकाळी पाटणादेवीच्या बाहेर मोकळ्या रानात बसावं, यासाठी मी लोकांना आग्रह करतो.

दक्षिणेसाठी जागा वेगळी लागते. पैठणच्या नाथसागराचा उत्तर काठ धरा. शहराचा उजेड पाठीशी राहतो आणि समोर पाण्यावर क्षितिज उघडं मिळतं. धरणाच्या भिंतीकडे जाऊ नका, काठावर शेत असेल तर मालकाला विचारून बसा. फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री नऊच्या सुमारास व्याधाच्या खूप खाली, पाण्यापासून पावणेदोन मुठींवर, अगस्त्य दिसतो. व्याधाखालोखाल तेजस्वी तारा तोच. दिल्लीहून तो एक मूठही वर येत नाही आणि लंडनमध्ये कधीच दिसत नाही.

मे महिन्यात परत या. उकाडा असतो, पण साडेनऊच्या सुमारास हस्ताची पाच बोटं दक्षिणेला उंचावर येतात. तिथून सरळ खाली, पाण्याच्या जवळ, त्रिशंकूचा छोटा क्रूस उभा राहतो. त्याचा खालचा तारा जेमतेम ७ अंशांवर, म्हणजे पाऊण मूठही नाही. डावीकडे मित्र आणि मित्रक ही ठळक जोडी असते, ती त्रिशंकूची खूण. धुळीने क्षितिज गढूळ असेल तर वाऱ्याने किंवा वळिवाने हवा धुऊन निघाल्यानंतरची रात्र निवडा आणि नऊच्या आत काठावर पोहोचा, कारण दहानंतर त्रिशंकू पश्चिमेकडे कलू लागतो आणि भराभर पाण्यात उतरतो.